राखणीची खुर्ची

बोनकोड्यात कुणाच्या घरी हळद असली की मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या येतात आणि त्यांत माणसं सांडल्यासारखी बसतात. कुणी पाय वर घेऊन, कुणी मागं रेलून, कुणी पोर मांडीवर आणि ताट पोरावर. उज्वला केणी तेवढी सरळ बसायची. पाठ खुर्चीला टेकायची नाही. घोट्यावर घोटा, हात मांडीवर, नजर समोर, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. आलेलं नव्हे, ठेवलेलं. डीजेनं मांडवाचे बांबू हलत असायचे आणि ही अशी बसलेली, जशी काही समोरून कुणी राणी चालत जाणार आहे.

"हिच्या खुर्चीला काटं हायेत वाटतं," बायका म्हणायच्या.

"काटं नाय गो. मोठ्यांच्या खुर्च्या राखून आलीय ती. आपली खुर्ची तिला टोचते."

यात खोटं काही नव्हतं. उज्वलानं तरुणपणाची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या खुर्च्या राखल्या होत्या.

लहानपणी तिनं भात राखलं. आज जिथं इमारतींचे सेक्टर आहेत तिथं तिच्या बापाची खाचरं होती. दाणा भरला की मचाणावर बसून पाखरं हाकायची. मग जमिनी शहरासाठी गेल्या, पाखरंही गेली. लग्न होऊन ती गावातल्याच केण्यांच्या घरी आली. नवरा नामदेव बेलापूर रोडच्या एका कंपनीत होता, ती बंद पडली. घरामागं भाड्याच्या खोल्या उठायला अजून अवकाश होता. म्हणून उज्वला महाप्याला कपडे एक्स्पोर्ट करणाऱ्या युनिटात धागे कापायला जाऊ लागली. दिवसभर फरशीवर बसायचं, तयार कपड्याला लोंबणारे धागे कात्रीनं उडवायचे, आणि पाठ मोडून घरी यायचं.

तिथं एक दिवस स्मिता विजयकर आली.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मुंबईत तोवर भारी कपडे शिवणाऱ्यालाही टेलरच म्हणायचे. त्याला डिझायनर म्हणावं, त्याचा फोटो छापावा, त्याच्या कपड्यांची बातमी व्हावी, हे वर्तमानपत्रांच्या गळी उतरवलं ते या बाईनं, असं तिची माणसं सांगतात. ती स्वतः एवढंच सांगायची, "पैसे देऊन छापून येते ती जाहिरात. ती कुणीही करील. फुकट छापून येते ती बातमी. मी बातमी करते." उंच, ताठ, ऐन तारुण्यात पिकलेले केस मुलासारखे बारीक कापलेले. अंगावर काळी इरकल आणि पाठीवर बटणं असलेला पांढरा ब्लाउज. चेहरा मात्र तिनं कधी छापू दिला नाही. जिला दुसऱ्याचा चेहरा विकायचा आहे तिनं आपला झाकून ठेवावा, हा तिचा नियम. तिचा एकच फोटो सगळीकडे होता, पाठीमागून काढलेला. पहिल्या रांगेच्या मधोमध बसलेली एक काळी-पांढरी पाठ.

त्या दिवशी ती माल बघायला आली होती. धागे कापणाऱ्या बायकांच्या मधून जाताना थांबली.

"तू. उभी राहा."

उज्वला उठली. पदराला चिकटलेले धागे झटकले.

"त्या स्टुलावर बस. ऊठ. परत बस." मॅडमनं मान हलवली. "बसताना खाली बघतेस. स्टूल काय पळून जाणार आहे?"

"जाते मॅडम," उज्वला म्हणाली. "आमचा मुकादम ओढतो."

बायका हसल्या. मॅडम हसली नाही. "दात चांगले आहेत," ती म्हणाली. "बोलत जाऊ नकोस, म्हणजे झालं."

काम काय, ते उज्वलानं त्या रात्री नवऱ्याला असं सांगितलं: "कपड्यांचा खेळ असतो. पोरी चालत येतात, मोठी माणसं बघतात. पन ती मोठी माणसं येळेवर येत नाय. पुढच्या रांगेत खुर्ची रिकामी दिसली आन तसा फोटो छापला, का संपला धंदा. म्हून आमी बसायचं. ती आली का उठायचं."

"म्हंजे राखन," नामदेव म्हणाला.

"हां. राखनच."

"आन पाखरू कोन? ती का तू?"

पहिल्या खेपेला तिला रेशमी झगा घातला. तो मापाला मोठा, म्हणून पाठीवर टाचण्या. दुकानाची चिठ्ठी आत खोचलेली, कारण झगा परत जायचा होता. दक्षिण मुंबईतलं हॉटेल, थंडगार. शेजारच्या बाईनं इंग्रजीत काही विचारलं, उज्वलानं हसून दाखवलं. दिवे गेले, वाजंत्री सुरू झाली, पहिल्या पोरी चालत आल्या. उज्वला पुढं झुकली. असले कपडे तिनं कात्रीखाली तुकड्यातुकड्यानं बघितले होते, चालताना कधी बघितले नव्हते. तेवढ्यात खांद्यावर काहीतरी टेकलं. दोन बोटं. माशी बसावी तशी.

तिनं वळून बघितलं. मागं मॅडम.

नंतर मागच्या दारी, गाड्यांच्या धुरात, मॅडमनं तिला समोर उभं केलं. "वळून बघितलंस. फोटोत तुझं तोंड आलं आणि माझंही आलं. पुन्हा असं झालं तर धागे कापायलाही जागा मिळणार नाही. दोन बोटं लागली की उठायचं. लांबून कुणी ओळखीच्यानं हाक मारल्यासारखं, हसत. ज्यानं उठवलं त्याचं तोंड बघायचं नाही. कळलं?"

कळलं. पुढं वर्षानुवर्षं दोन बोटं लागली आणि उज्वला हसत उठली, न बघता. कधी पहिल्याच गाण्याला, कधी अर्ध्यात. शेवट मात्र तिनं कधी बघितला नाही. तेव्हा गीतांजली नावाची एक नवी पोर मॅडमच्या हाताखाली काम शिकत होती. तिला उज्वला मागच्या दारी गाठायची.

"शेवटी काय झालं गं?"

"नवरी आली. शेवटी नवरीचाच ड्रेस असतो."

"कशी होती?"

"लाल," गीतांजली म्हणायची आणि पळायची.

मॅडमनं आणखी बायका आणायला सांगितलं तेव्हा उज्वलानं अंगणात खुर्ची मांडली आणि गावातल्या बायकांना एकेक करून बसवलं, उठवलं. सख्खी नणंद, संध्या, नवी साडी नेसून आली होती. उज्वलानं तिला बसूही दिलं नाही. "तू नको. तू बसलीस का खुर्ची घाबरंल." अंगणभर हशा पिकला. संध्या त्या दिवसापासून भावजयीशी बोलली नाही. उज्वलाला त्याचं काही वाटलं नाही. मॅडमही असंच बोलायची आणि लोक मॅडमच्या पाया पडायचे.

एकदा बोंबील तळताना तेल उडालं. हनुवटीवर रुपयाएवढा डाग पडला. मॅडमनं तिची हनुवटी धरून दिव्याकडं केली, बाजारात वांगं बघतात तशी. "रांगेत डाग चालत नाही. जाईल तेव्हा ये."

उज्वलानं त्या डागावर हळद लावली, लिंबू चोळलं, टूथपेस्ट फासली. सासू मालतीबाई ओट्यावरून बघायची आणि म्हणायची, "खरवरून कार गो, हाडापरत जा. हाड गोरं असतं." डाग फिका पडायला पावसाळा आणि हिवाळा दोन्ही गेले. उज्वला परत गेली तेव्हा मॅडमनं तिला बघून फक्त खुर्चीकडं बोट केलं.

एकदाच उज्वलानं काही मागितलं. खेळ संपला होता, मॅडम मागच्या दारी सिगारेट ओढत होती.

"मॅडम, एक दिवस मला शेवटपर्यंत बसू द्या ना."

मॅडमनं धूर सोडला. "म्हातारं झालं की लोक सत्कार करतात. माझाही करतील. त्या दिवशी पहिल्या रांगेत एक खुर्ची तुझी. कागदावर तुझं नाव. त्या खुर्चीला कोणी हात लावणार नाही." मग सिगारेट पायाखाली विझवून म्हणाली, "आता जा. त्या बाजूनं. पुढं गाड्या लागल्यात."

हे उज्वलानं गावात सांगितलं, आणि तीच चूक झाली. गावाला चघळायला मिळालं. नळावर, गणपतीत, मयताच्या घरीसुद्धा कुणीतरी विचारायचंच, "उज्वला, आली का गो तुझी खुर्ची?" नामदेवच्या हातात खोल्यांचं भाडं खेळायला लागलं, मुलगा धनेश कमावता झाला, त्याचं लग्न झालं, सून आली. सुनेलाही पहिल्या महिन्यात कळलं की सासूची एक खुर्ची यायची आहे.

ती खुर्ची आली नाही. दिवस बदलले. लोक हातातल्या फोनवर आपले फोटो आपणच लावू लागले. राखणीला आता शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या पोरी मिळू लागल्या. गीतांजलीनं सगळा धंदा हाती घेतला. पाटीवर नाव तेवढं स्मिता विजयकर राहिलं, कारण त्या नावालाच गिऱ्हाईक होतं. मॅडमला मूलबाळ नव्हतं. मुंबईतलं भाड्याचं घर सुटलं आणि ती जुईनगरला, मेलेल्या भावाच्या फ्लॅटवर राहायला आली. जिच्या एका फोनवर अर्धी मुंबई नटून यायची, तिच्याकडं खाडी ओलांडून कुणी आलं नाही.

तिथंच तिला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तोंड एका बाजूला ओघळलं. डावा हात तेवढा शाबूत. नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोच्या बाया येत आणि पळून जात, कारण मॅडम त्या हातानं चिमटे काढायची. मग गीतांजलीला उज्वला आठवली.

उज्वला दुसऱ्या दिवशी हजर झाली. गाव हसलं. नामदेव म्हणाला, "घरात बसून खोल्यांचं भारं येतंय, आन तू दुसऱ्याची घान काराया जातंस?"

"मानुसकी हाय का नाय काही?"

"माणुसकी नाय, पप्पा," आतून सून नमिता म्हणाली. "खुर्ची हाय."

जुईनगरच्या त्या खोलीत पलंगाच्या उशाशी एक खुर्ची होती, पलंगाकडं पाठ केलेली. तिथं उज्वला बसायची, समोर भिंत. मॅडमला भांडं हवं झालं की तिचा डावा हात यायचा. खांद्यावर दोन बोटं. उज्वला उठायची. मॅडमला बोलता येत नव्हतं, घंटा ती हातात घेत नव्हती, ही दोन बोटंच काय ती हाक. कधी कधी भांडं नको असायचं, पाणी नको, काहीच नको असायचं. दोन बोटं लागायची, उज्वला उठून वळायची तर मॅडमचा डोळा नुसता तिच्याकडं लागलेला. ती बसायची. पुन्हा दोन बोटं. एका दुपारी हे इतक्यांदा झालं की उज्वलाच्या पोटऱ्यांत गोळे आले. पण ती उठली, दर वेळी. अंगच उठायचं. तिला विचारत नव्हतं.

वर्ष असं गेलं आणि एक दिवस गीतांजली आली. आता ती पन्नाशीची, गॉगल केसांवर. महाप्याच्या एका क्रीम-पावडरच्या कंपनीला आपलं नाव फॅशनवाल्यांत न्यायचं होतं. कंपनी पैसा घालणार, वाशीला मोठा शो होणार, मॅडमनं नावारूपाला आणलेले सगळे डिझायनर आपापला एकेक कपडा दाखवणार, आणि तोच मॅडमचा सत्कार. उज्वला चहा करायला आत गेली. ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा गीतांजली एक कागद घडी घालून पर्समध्ये ठेवत होती आणि मॅडमच्या डाव्या हाताच्या बोटांना शाई लागली होती.

"काय लिवलं?"

"काही नाही. त्यांनी कागदावर रेघोट्या मारल्या."

त्या दिवसापासून मॅडमला वेगळंच सुचू लागलं. दिवस उजाडला की डावा हात कपाटाकडं. उज्वलानं काळी इरकल काढली, इस्त्री केली, पांढरा ब्लाउज धुतला. मॅडमला चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टनं खाली नेऊन आणलं, दोनदा, सवय व्हावी म्हणून. "नेते हां तुम्हाला," ती मॅडमचं तोंड पुसता पुसता म्हणायची. "सगळे येनार तुमच्यासाठी." मनातून तिला वेगळंच खात होतं. आपल्या खुर्चीचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं. विचारावं तरी कुणाला? देणारीची वाचा गेलेली. विसरली असेल. असल्या बायका कशाला लक्षात ठेवतात.

शोच्या आधल्या आठवड्यात गीतांजली पुन्हा आली. मॅडमला साडी नेसवून, उजेडाकडं तोंड करून बसवलं. गीतांजलीनं फोनवर फोटो काढला. बोटांनी मोठा करून बघितला. मग पुसून टाकला आणि उज्वलाला गॅलरीत बोलावलं.

"उज्वलाताई, असं नाही चालणार."

"काय झालं?"

"तोंड."

"मी असते ना शेजारी. पुसत राहीन."

"पुसून वाकडं सरळ होतं का?" गीतांजलीनं आवाज खाली आणला. "रांगेत डाग चालत नाही. त्यांनीच शिकवलंय. मलाही आणि तुम्हालाही."

उज्वलाचा हात आपसूक हनुवटीवर गेला. "मग सत्कार बंद?"

"बंद करून कसं चालेल? कंपनीला मॅम हव्यात, पहिल्या रांगेत, खुर्चीत. चेहरा त्यांनी कधी दाखवलाच नाही, तो कुणी मागतही नाही. अंधारात यायच्या, अंधारात जायच्या. पाठ हवी फक्त." ती उज्वलाच्या मागं जाऊन उभी राहिली, शिंपी राहतो तशी. "उंची तीच आहे. आणि तसं बसणं दुसऱ्या कुणाला येतंय?"

खोलीत मॅडमचा डोळा आरशातल्या काळ्या साडीवर होता. उज्वलानं त्या डोळ्याकडं बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं बघितलं.

"मध्ये कोन उठवनार?"

"मॅमना? त्यांना कोण उठवणार."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. फक्त केस कापायला लागतील. विग मागून ओळखू येतो."

उज्वलाचे केस कमरेखाली यायचे. पन्नाशी ओलांडली तरी अंबाडा मुठीत मावत नव्हता, हळदीला त्यावर अबोलीचे दोन गजरे लागायचे. कोपरखैरणेच्या पार्लरमधली पोर कात्री हातात घेऊन तीनदा म्हणाली, "आंटी, नक्की ना?" मग उरलेल्या बुंध्यांना चंदेरी रंग चढवला. उज्वला डोकं ओढणीत गुंडाळून घरी आली. नामदेव उंबऱ्यात बसून भाकरी खात होता. ओढणी सरकली. त्यानं घास खाली ठेवला.

"मी मेलो काय गो?" त्यानं हळूच विचारलं.

"नाय."

"मग कोन मेलाय?"

ती आत गेली. त्या दिवसापासून शोपर्यंत नामदेव तिच्या हातचं जेवला नाही. भिंतीपलीकडून नणंदेचा, संध्याचा, आवाज आला. इतक्या वर्षांनी ती भावजयीला उद्देशून बोलली: "जित्या नवऱ्याची बोडकी. आता घाबरंल खुर्ची."

शो दुपारचा होता. उज्वला सकाळीच जुईनगरला गेली, सोबत नमिताला नेलं, मॅडमपाशी बसायला. मॅडमला आंघोळ घातली, पेज भरवली. हात कपाटाकडं गेला. उज्वलानं कपाट उघडलं, काळी इरकल बाहेर काढली. मॅडमच्या तोंडाची चांगली बाजू हसली.

उज्वलानं ती साडी स्वतः नेसली, तिथंच, पलंगासमोर. मग डोक्याची ओढणी काढली.

मॅडमचा डोळा केसांवर गेला, साडीवर आला, पुन्हा केसांवर गेला. घशातून एक आवाज निघाला, दळण अडकलेल्या चक्कीसारखा. नमिता ब्लाउजची बटणं लावत होती, तिचे हात थांबले.

"मम्मी, ती रडते वाटतं."

"तू बटनं लाव. तिकडं नको बघू." उज्वला पलंगाच्या कडेला बसली, मॅडमकडं पाठ करून. नमितानं घाईत लावली, वरचं एक राहिलं. तेव्हा मागून डावा हात आला. उज्वलानं अंग चोरलं, चिमटा येणार म्हणून. चिमटा आला नाही. बोटं त्या एका बटणाशी झटत राहिली, निसटलं, पुन्हा धरलं, आणि बटण काजात गेलं. पाठ उघडी राहिलेली त्या बाईला अजूनही बघवत नव्हती. मग तीच बोटं खांद्यावर आली. दोन.

उज्वला ताडकन उठली. उठल्याचा तिला रागच आला. तिनं नमिताचा फोन पलंगासमोर फडताळावर डब्याला टेकवून ठेवला. शो फोनवर दिसणार होता. मॅडमची मान उशीनं नीट तिकडं बसवली. मॅडमला मान वळवता येत नव्हती.

"बघा," उज्वला म्हणाली. "नीट बसते का नाय ते बघा. शेवटपर्यंत."

वाशीच्या हॉलमध्ये दिवे गेल्यावर गीतांजलीनं तिला बाजूच्या दारानं आत घेतलं. कोपराला धरून, अंधारात, मधल्या खुर्चीकडं.

"ती अगदी टोकाची दिसते ना?" चालता चालता ती कानाशी म्हणाली. "तिच्यावर तुमचं नाव आहे."

"कुनाचं?"

"तुमचं. मॅमनी त्या दिवशी लिहून दिलं होतं ना, डाव्या हातानं, वाकडंतिकडं. उज्वला केणी, पहिली रांग. म्हटलं त्यांचा शब्द आहे, ठेवू. मग हे असं ठरलं. रिकामी कशी दिसू देणार? एका मुलीला बसवलंय तिथं. चला, सरळ बसा."

आणि ती निघून गेली.

उज्वला मॅडमच्या खुर्चीत बसली. पाठ न टेकता, घोट्यावर घोटा. मागं कॅमेरे खटाखट वाजले. तिच्या पाठीवर इतकी माणसं एकदम बघत होती की पाठ पोळायला लागली. मॅडम कधी मान वळवायची नाही, म्हणून तिनं नुसत्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. टोकाच्या खुर्चीत एक सावळी पोर बसली होती, झगा पाठीवर टाचलेला. नजर समोर. हसू ठेवलेलं.

उठावं आणि जाऊन म्हणावं, बाय, ही माझी. खुर्चीवरचा नावाचा कागद दाखवावा. गावातल्या एकेका तोंडाला तो कागद दाखवता आला असता. पण मधली खुर्ची रिकामी करायची कशी? इतकी वर्षं जे कधी होऊ दिलं नाही, ते आज, तेही मॅडमच्या खुर्चीचं? तिचे पाय हलले नाहीत. पोरी चालत येत होत्या, कपडे चमकत होते, आणि जे बघायला आयुष्यभर जीव टाकला त्यातलं तिला काही दिसत नव्हतं.

अर्ध्यात एक जाडजूड बाई आली, कुणा नटाची आई असावी. टोकाच्या पोरीच्या खांद्यामागं एक हात दिसला. पोर हसत उठली, लांबून कुणी हाक मारल्यासारखी, आणि अंधारात गेली. बाई बसली. बुडाखाली आलेला कागद तिनं ओढून काढला, वाचला नाही, दोनदा वारा घेतला आणि खाली टाकला.

शेवट जवळ आला. सनई सुरू झाली. उज्वलाला कळलं, आता नवरी. पडदा हलला. तिनं डोळे पडद्यावर लावले.

खांद्यावर दोन बोटं लागली.

ती उठली. हसत, न वळता. अंग उठलं. दाराशी पोचल्यावर तिला भान आलं. "नवरी यायचीय अजून," ती म्हणाली.

"दिवे लागतील ना आता," गीतांजली म्हणाली. "मॅम नेहमी दिवे लागायच्या आधी जायच्या. सांगितलं होतं की तुम्हाला. अंधारात यायच्या, अंधारात जायच्या. त्यांनी शेवट कधीच नाही बघितला. तुम्हाला माहीत नव्हतं?"

उज्वलाला माहीत असायचं कसं? मॅडम उठायची त्याच्या कितीतरी आधी ती स्वतः उठलेली असायची. मागं टाळ्या फुटल्या. दार बंद झालं. मागच्या बाजूला जेवणाच्या गाड्या उभ्या होत्या, तिथून तिला रिक्षा करून दिली.

संध्याकाळी ती जुईनगरला पोचली. नमिता चप्पल घालूनच बसली होती.

"मम्मी, मस्त दिसत होती. पाठ."

"शेवटी काय झालं?"

"नवरी आली. मग सगळे उभे राहिले आणि तुझ्या खुर्चीकडं बघून टाळ्या वाजवल्या. खुर्ची रिकामी."

"कशी होती?"

"कोन, नवरी? लाल," नमिता म्हणाली. "हिनं सगळं बघितलं. डोळा मिटला नाय एकदा पन. मी जाऊ? धनेश खाली आलाय."

ती गेली. खोलीत उजेड राहिला होता, पण दिवा लावायला हवा होता. उज्वलानं लावला नाही. तिला म्हणायचं होतं, तुम्ही माझं नाव लिहिलं होतं, मला सांगितलं का नाही. पण सांगायला तोंड कुठं होतं मॅडमला. आणि ऐकायला ती स्वतः तरी थांबली कुठं होती. तिला वळून मॅडमच्या तोंडाकडं बघवेना. ती काळ्या साडीतच जाऊन पलंगाच्या उशाशी खुर्चीत बसली, भिंतीकडं तोंड करून.

बऱ्याच वेळानं मागून हात आला. खांद्यावर दोन बोटं.

मांड्यांच्या शिरा ताणल्या, अंग उठायला निघालं. उज्वलानं दोन्ही पाय फरशीत रोवले आणि हातांनी खुर्चीची कड धरली. अंग थांबलं. बोटं पुन्हा आली, या वेळी जोरानं. मग घाईघाईनं, एकामागून एक, जशी दार ठोठावतात. घशातला तो आवाज निघाला आणि चढत गेला.

उज्वलानं पाठ खुर्चीपासून सुटी केली. घोट्यावर घोटा ठेवला. हात मांडीवर घेतले.

थोड्या वेळानं बोटं थांबली. मुताचा वास खोलीत पसरला. गादीच्या कडेवरून थेंब फरशीवर पडायला लागले. ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवून ती समोरच्या भिंतीकडं बघत बसून राहिली.